धुऱ्यावरची तार

श्रोतेहो, धान निसवू लागले की चंद्रपूर-गडचिरोलीकडे रानडुकरांपायी रात्रीची जागल सुरू होते. मग कोणी घरच्या विजेची तारच धुऱ्यावरून फिरवतो. त्या तारेला लागून वाघ मरतो, कधी शेजारी, कधी खुद्द मालकही. असे का व्हावे?

आपला मामा तलाव डोळ्यांपुढे आणा. पाणी जितके उंच, तितका त्याचा जोर. हा विजेचा दाब, तो व्होल्टमध्ये मोजतात. पाटातून वाहणारे पाणी म्हणजे प्रवाह. त्याचे माप अँपिअर. पाटातला गाळ नि गवत पाणी अडवतात, तो रोध. त्याचे माप ओहम. दाबाला रोधाने भागा, प्रवाह मिळतो. जर्मनीच्या ओहमने हा नियम १८२७ साली मांडला.

आता हिशेब करू. घरची वीज २३० व्होल्ट. बांधीतल्या चिखलात अनवाणी उभ्या, भिजलेल्या माणसाचा रोध हजार ओहम धरा. प्रवाह आला ०.२३ अँपिअर. छातीतून ०.१ अँपिअर गेला तरी काळीज बंद पडू शकते. शिवाय स्नायू आखडतात, हात सुटत नाही.

मग सौर कुंपणात हजारो व्होल्ट असूनही जनावर जगते कसे? तिथे झटका सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो. पुढचा झटका सुमारे सेकंदाने. डुक्कर दचकते नि पळते. मात्र ही किमया त्या यंत्राची. त्याच कुंपणाला घरची तार जोडली, की तो सापळाच.

गुरुजी, हा भागाकार फळ्यावर अवश्य करून दाखवा. मुले तो घरी सांगतील.