बाग लावणे आणि बाग राखणे

(मंडळाच्या वर्धापनदिनी मानखुर्द येथे केलेले भाषण)



‘बागेविषयी चार शब्द बोला’ अशी आज्ञा आपल्या सेक्रेटरीबाईंनी केली, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. वनस्पतिशास्त्र मी शिकलेली नाही. परंतु आपल्या मंडळाच्या बागेची व्यवस्था गेली काही वर्षे माझ्याकडे आहे आणि त्या अवधीत माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्या दुसऱ्या कोणाच्या हातून होऊ नयेत, एवढ्यासाठीच आज उभी राहिले आहे.

आपल्या पहिल्या वृक्षारोपणाचा दिवस पुष्कळजणींना आठवत असेल. आषाढातला पाऊस रिमझिमत होता. नारळ फुटला, पाहुण्यांच्या हस्ते रोपे लागली, फोटो निघाले, गरम बटाटेवडे झाले. एका सकाळी आपण चाळीस रोपे लावली. पुढच्या वैशाखात मी ती मोजायला गेले, तेव्हा अकरा उरली होती. बाकीच्या ठिकाणी देणगीदारांच्या नावांच्या पाट्या मात्र ताठ उभ्या होत्या!

ही रोपे कोणी मारली? उन्हाला दोष देणे सोपे आहे. पण खरे सांगायचे तर ती आपल्या हौसेने मारली. ‘बाग सगळ्यांची’ असे आपण म्हणत होतो आणि जे काम सगळ्यांचे, ते कोणाचेच नव्हे, हे विसरत होतो. फाटकाजवळच्या रोपांना जाता-येता प्रत्येकजण तांब्याभर पाणी घाली. त्यांची मुळे कुजली. मागच्या भिंतीकडे कोणी फिरकत नसे. तिकडची रोपे वाळली. पाणी घातले गेले होते, पण त्याचा हिशेब कोणापाशी नव्हता.

त्याहून मोठी चूक माळीकाकांच्या बाबतीत झाली. आम्ही बाराजणी आणि त्यांना हुकूमही बारा. एक म्हणे, आधी झाडून घ्या. दुसरी म्हणे, आधी पाणी घाला. तिसरीला पूजेला दूर्वा हव्यात, चौथीला मंडपाचे बांबू उचलून हवेत. एकदा त्यांनी लावलेले कोवळे झेंडू मी स्वतः तण समजून उपटून टाकले आणि वर त्यांनाच, ‘एवढे गवत माजू कसे दिले?’ म्हणून चार माणसांत बोलले. त्यांनी खुरपे खाली ठेवले आणि शांतपणे म्हणाले, “ताई, कामं कितीही सांगा, पण सांगणारं तोंड एकच असू द्या.” दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. मला फार लाज वाटली. आठवड्याने मी त्यांच्या घरी गेले, चूक कबूल केली, तेव्हा कुठे ते परत आले. त्या दिवशी त्यांनी जे सांगितले, तीच आपल्या बागेची घटना समजा.

पहिला नियम : माळ्याशी कामाचे बोलायचे ते एकाच बाईने. बाकीच्यांनी आपली सूचना वहीत लिहावी. दुसरा : पगार ठरल्या तारखेला, आठवड्याची सुट्टी सुट्टीसारखी, पावसाळ्यात गमबूट आणि उन्हाळ्यात प्यायला थंड पाणी. चहा दिला म्हणजे पगार चार दिवस उशिरा चालतो, हा आपला समज मनातून काढून टाकला पाहिजे. तिसरा : मंडपाचे बांबू हे माळ्याचे काम नव्हे. चौथा : स्वयंसेविकेने थोडे घ्यावे, पण नेमाने करावे. दर रविवारी उत्साहाने चार तास देईन म्हणणारी तिसऱ्या रविवारी दिसत नाही. मंगळवारी अर्धा तास येईन म्हणणारी वर्षभर येते. म्हणून आम्ही बाग जणींमध्ये वाटून दिली. ही पाच रोपे तुमची, ती पाच यांची. रोप मेले तर वहीत तसे लिहायचे, लपवायचे नाही.

आता मानखुर्दच्या जमिनीविषयी. एका अंगाला खाडी, तिवरांची वने. दुसऱ्या अंगाला भरावाची जागा. वरवर माती दिसते, हातभर खणले की विटांचे तुकडे आणि खारटपणा. अशा जागी गुलाबाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. करंज, उंडी, पारोसा भेंडी, नारळ ही किनाऱ्याची झाडे; खारा वारा त्यांना परका नाही. खड्डा मोठा घ्यावा, डबर काढून टाकावे, चांगली माती आणि कुजलेले शेणखत भरावे. पावसाळ्यात रोप आपोआप वाढते. त्याची खरी परीक्षा दसऱ्यानंतर सुरू होते आणि फाल्गुन ते वैशाख ती कठीण होते. पहिले दोन उन्हाळे निभावले की झाड आपले पाय रोवते.

पाण्याची गोष्ट नाजूक आहे. ज्या वस्तीत बायांना हंड्यासाठी रांग धरावी लागते, तिथे पिण्याचे पाणी बागेला घालणे मला पटत नाही. म्हणून तांदूळ-भाजी धुतलेले पाणी आपण बादलीत साठवतो आणि पहाटे घालतो. आळ्यात पालापाचोळ्याचा जाड थर दिला की ओल टिकते. तो पाचोळा आपण पूर्वी जाळत होतो! मोठी फांदी छाटायची झाली तर १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे आधी परवानगी काढावी आणि ते काम पावसाळ्यापूर्वी उरकावे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा बागेसाठी एवढे नियम कशाला? त्यांना मी भायखळ्याच्या राणीबागेकडे बोट दाखवीन. ती १८६२ साली खुली झाली. तिच्या मागे बागकामाची आवड असणाऱ्या मंडळींची सोसायटी होती, विद्वान होते, धनिक होते. तरीही अकरा वर्षांनी, १८७३ साली, तिचा कारभार म्युनिसिपालिटीकडे गेला. बाग सुरू करायला हौस पुरते. ती पिढ्यान्‌पिढ्या टिकायला रोज सकाळी कामावर येणारा माणूस लागतो आणि त्याच्या पगाराची कायमची तजवीज लागते.

मग स्वयंसेविकांचे काम काय उरले? त्याचेही उत्तर राणीबागेतच आहे. २००७ साली तिथल्या प्राणिसंग्रहालयाच्या मोठ्या फेरबदलाची योजना पुढे आली, तेव्हा जुन्या झाडांच्या काळजीने शहरातल्या काही स्त्रिया एकत्र आल्या. त्यांनी माळ्याच्या हातचे खुरपे काढून घेतले नाही. त्यांनी झाडे ओळखायला शिकून घेतले, लोकांना बागेत फिरवून ती दाखवली, अर्ज केले, पाठपुरावा सोडला नाही. हात माळ्याचे, डोळे आपले. ही वाटणी मला फार मोलाची वाटते.

आणि धीर सुटू लागला की धारावीजवळचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान आठवावे. मिठी नदीकाठच्या त्या ३७ एकरांवर एके काळी शहराचा कचरा टाकत. त्यावर माती पसरून झाडे लावली गेली आणि १९९४ साली ते उद्यान लोकांसाठी उघडले. आज तिथे दाट सावली आहे, पक्षी आहेत. शेजारच्या देवनारला १९२७ पासून मुंबईचा कचरा येत आला. त्याचा धूर आणि वास आपल्या खिडक्यांना नवा नाही. म्हणूनच आपल्या मुलांना एका झाडाची सावली मिळवून देणे ही मी चैन मानत नाही.

आता शेवटची विनंती, आणि ती थोडी कटू आहे. यंदा वर्धापनदिनाच्या वर्गणीतून सभागृहाला रंग द्यावा अशी सूचना आहे. रंग मलाही आवडतो. पण माळीकाकांचा फाल्गुन ते ज्येष्ठ या चार महिन्यांचा पगार अजून कोठेच धरलेला नाही. गेल्या वर्षी लावलेल्या रोपांचा हा दुसरा उन्हाळा आहे. भिंत एक वर्ष थांबेल. रोप थांबणार नाही. आधी तो पगार बाजूला काढून ठेवू आणि उरेल त्यात रंगाचे पाहू, एवढे आजच्या सभेने मनावर घ्यावे.

माळीकाका मागे दाराशी उभे आहेत. भाषण संपल्यावर टाळ्या वाजवायच्या असतील तर त्यांच्यासाठी वाजवा, आणि त्यांना पुढे खुर्ची द्या.