गाळलेले पाणी आणि दूरचा समुद्र

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना ‘शाश्वत विकास, सागराचे रक्षण आणि आपली मूल्ये’ या विषयावर मी बोलावे असे मंडळाने सुचविले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. सारे आयुष्य कापडाच्या गादीवर गेले. त्यातून हिंगोलीचा माणूस समुद्राविषयी काय बोलणार? आपल्यापैकी कित्येकांनी समुद्र पाहिला तो मुंबईला माल भरावयास गेल्यावर, चौपाटीवर उभ्याउभ्या. परंतु अध्यक्ष महोदयांचा आग्रह मोडवेना. म्हणून नातीच्या दप्तरातील नकाशाचे पुस्तक घेऊन बसलो, आणि माझी पहिली समजूत तेथेच चुकीची ठरली.

समुद्र म्हटला की आपल्याला अरबी समुद्र आठवतो. प्रत्यक्षात आपले पाणी तिकडे जातच नाही. संत नामदेव महाराजांच्या नर्सीवरून आपल्या शहरास येणारी कयाधू पुढे पैनगंगेस मिळते. पैनगंगा वर्धेस मिळते. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते आणि ती सिरोंचाजवळ गोदावरीत विलीन होते. जिल्ह्याच्या दुसऱ्या भागातील पाणी पूर्णेत उतरते. ती सिद्धेश्वर धरणावरून पुढे परभणी जिल्ह्यात गोदावरीसच मिळते. गोदावरी आंध्र प्रदेशातून बंगालच्या उपसागरास जाते. तिच्या मुखाशी, काकिनाड्याजवळ, कोरिंगा नावाचे खारफुटीचे मोठे अरण्य आहे. मासे, खेकडे, पक्षी अशा असंख्य जीवांचे ते माहेरघर आहे. म्हणजे आपल्या मोरीत जे सांडते, त्याचा शेवटचा मुक्काम तेथे आहे. आपण समुद्रापासून दूर आहोत. समुद्र मात्र आपल्यापासून सुटलेला नाही.

आईचे गाळणे

माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात आड होता. आई पहाटे पाणी शेंदून घागरीच्या तोंडावर दुहेरी घडीचे जाड कापड बांधून ते गाळीत असे. शास्त्रात या गाळण्याचे माप सांगितले आहे : छत्तीस अंगुळे लांब, चोवीस अंगुळे रुंद, दुहेरी, आणि इतके घट्ट विणीचे की त्यातून सूर्यबिंब दिसू नये. आमच्या दुकानात यासाठी मांजरपाटाचे ठाण वेगळे ठेवलेले असे, आणि वडील त्या तुकड्याचे पैसे कोणाकडूनही घेत नसत.

तथापि खरा धर्म गाळण्यानंतर सुरू होतो. कापडावर जे सूक्ष्म जीव राहिले, त्यांचे काय करावयाचे? आई गाळलेल्याच पाण्याने ते कापड हलकेच धुवून घेई आणि ती ‘जिवाणी’ बुडाला कडी असलेल्या भांड्यातून आडात अगदी पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत सोडी. कडीची दोरी ओढली की भांडे तेथे हळूच उलटे होई. वरून ओतले तर जीवांना आघात होतो, म्हणून एवढी काळजी. आणि नियम असा की ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत तिची जिवाणी. दुसऱ्या विहिरीत नाही.

लहानपणी हा मला निव्वळ सोवळ्याचा प्रकार वाटे. आज पर्यावरणाचे अभ्यासक सांगतात की एका ठिकाणचे जलचर दुसऱ्या ठिकाणी सोडू नयेत, त्याने तेथील जीवसृष्टी बिघडते. आपल्या पूर्वजांनी विज्ञानाची पुस्तके वाचली होती असा दावा मी करणार नाही. त्यांना एवढे मात्र पक्के ठाऊक होते की पाणी ही वस्तू नसून तेथे कोणाचे तरी घर आहे. किंबहुना पाणी हेच अप्काय जीवांचे शरीर आहे. तेथून आपण घेतो, तेव्हा जे पाण्याचे आहे ते पाण्यास सुखरूप परत द्यावयाचे आणि जे आपले आहे ते आपल्याजवळ ठेवावयाचे. शाश्वत विकासाची माझी व्याख्या एवढीच आहे.

नालीतून निघालेले नाव

आता ज्या गोष्टीसाठी मी अखेर हे भाषण स्वीकारले, ती सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात आमच्या दुकानामागील नाली तुंबली. रात्री पाणी दुकानात शिरले आणि खालच्या कप्प्यातील साड्यांच्या गाठी भिजल्या. सकाळी मी साऱ्या जगावर रागावलो होतो. दोन मजूर लावून नाली उपसून घेतली. गाळाबरोबर बाहेर आली ती साड्यांची पारदर्शक वेष्टने आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या. कित्येक पिशव्यांवर आमच्या दुकानाचे नाव होते. दुकान वडिलांच्या नावाने आहे. ज्यांनी गाळण्याचे पैसे कधी घेतले नाहीत, त्यांचे नाव नालीच्या चिखलातून फावड्याने बाहेर निघत होते, आणि ते तेथे मीच पोचविले होते. त्या दिवशी मजूर काय म्हणाले ते मला आठवत नाही. मी मान वर केली नाही, एवढे आठवते.

पुढे २०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी झाली. त्याआधीच मी मोठ्या अभिमानाने ‘कापडी’ पिशव्या देऊ लागलो होतो. एकदा मुलाने सहज त्यातील एका पिशवीस काडी लावली. आम्ही कापडवाले धागा ओळखावयाचा तर असाच ओळखतो; सुताची राख होते, कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. पिशवीचा मणी झाला. ती विणलेली नव्हतीच. कापडासारखी दिसणारी ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच होती. चाळीस वर्षे लोकांचे कापड पारखणाऱ्या मी स्वतःच्या हातातील पिशवी पारखली नव्हती.

तेव्हापासून मी विक्रीच्या मालाकडेही त्याच दृष्टीने पाहू लागलो. टेरिकॉट आणि पॉलिएस्टर आले तेव्हा आम्हा व्यापाऱ्यांना ते वरदान वाटले : किंमत कमी, टिकाऊपणा अधिक, इस्त्रीची कटकट नाही. परंतु असे कापड प्रत्येक धुण्यात डोळ्यांस न दिसणारे तंतू सोडते. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सहा किलो कपड्यांच्या एका धुण्यातून पॉलिएस्टरचे सुमारे ४ लाख ९६ हजार, तर पॉलिएस्टर-सुती मिश्र कापडाचे सुमारे १ लाख ३८ हजार तंतू सुटतात, असा अंदाज मांडला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या २०१७ च्या अहवालानुसार, सूक्ष्म कणांच्याच रूपात समुद्रात जाणाऱ्या प्लॅस्टिकपैकी सुमारे ३५ टक्के कृत्रिम कपड्यांच्या धुण्यातून जाते. हे तंतू कुजत नाहीत. मासे, शिंपले आणि सूक्ष्म जलचर ते अन्न समजून गिळतात.

बंधू-भगिनींनो, श्रावकाने टाळावयाच्या पंधरा व्यवसायांची, म्हणजे कर्मादानांची, यादी आपण ऐकली आहे. त्यात विषाचा व्यापार आहे, तळी-सरोवरे आटविणे आहे, वने तोडणे आहे. त्यात कापड नाही, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. आज मला वाटते की यादीत आपला धंदा नाही यावर समाधान मानण्यापेक्षा, ती यादी ज्या विचाराने केली तो विचार आपल्या धंद्यास लावून पाहावा. ज्या कापडाने आई जीव वाचवीत होती, त्याच कापडाच्या व्यापारातून मी असा धागा विकला की जो तिच्या गाळण्यातूनही पार निघून जावा.

जाळे कापणारे हात

आपण अहिंसेचे उपासक मासेमारी करणाऱ्यांकडे काहीशा उंचावरून पाहतो. मासेमारीचे समर्थन मी करणार नाही. तो माझा धर्म नाही. पण संयम कोठेही दिसला तरी त्यास वंदन करावे, हे आपल्याला शिकविले आहे.

आपले साधू-साध्वी चातुर्मासात विहार थांबवितात, कारण पावसाळ्यात जीवोत्पत्ती फार होते. कोकणातील कोळी बांधवही पावसाळ्यात नाव किनाऱ्यास लावतात आणि नारळी पौर्णिमेस सागराची पूजा करून मगच ती पाण्यात लोटतात. शासनाची बंदी १ जून ते ३१ जुलै अशी आहे. समुद्र खवळलेला असतो हे एक कारण, आणि माशांच्या प्रजननाचा काळ असतो हे दुसरे. दोन्ही परंपरा एकाच ऋतूत थांबावयास शिकवितात.

रत्नागिरी जिल्ह्यात वेळास नावाचे गाव आहे. नाना फडणविसांचे गाव म्हणून ते प्रसिद्ध आहे. तेथील किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालतात. पूर्वी ती अंडी उकरून नेली जात. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने ती अंडी कुंपणात सुरक्षित ठेवून पिल्ले समुद्रात सोडण्यास आरंभ केला. आज लोक दुरून तो सोहळा पाहण्यास येतात आणि गावातील घरांतच उतरतात. अंडी विकून मिळत होते त्याहून अधिक मोलाचे काही अंडी राखून मिळाले.

२०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खूण केलेले एक कासव जानेवारी २०२५ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळले. सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा तो प्रवास. म्हणजे आपल्या गोदावरीच्या समुद्रातील जीव कोकणात येतो. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र ही नावे नकाशावर वेगळी. त्या जीवास समुद्र एकच आहे.

कासव जाळ्यात अडकले तर ते सोडविण्यासाठी बहुधा जाळे कापावे लागते. अशा मच्छीमारास महाराष्ट्र शासन २०१८ पासून कमाल पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. तरीही प्रश्न पैशांचा नाही. भर समुद्रात, कोणी पाहत नसताना, आपल्या पोटाचे साधन स्वतःच्या हाताने कापणारा तो मनुष्य अहिंसेचे आचरण करीत असतो. मी माझ्या धंद्याचे कोणते जाळे कापले, हा प्रश्न मला तेव्हापासून सुटलेला नाही.

विश्वस्तांचे कर्तव्य

आपण आज एका ट्रस्टचा उत्सव साजरा करीत आहोत. विश्वस्त मालक नसतो. देवद्रव्यातील एक रुपयाही घरखर्चास वापरावयाचा नाही, हे आपल्यापैकी लहान मुलासही कळते. १९६७ साली माल्टा या चिमुकल्या देशाचे प्रतिनिधी आर्विद पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मागणी केली की कोणत्याही देशाच्या हद्दीबाहेरचा समुद्रतळ हा सर्व मानवजातीचा सामाईक वारसा मानावा. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात ते तत्त्व स्वीकारले गेले. हे वाचताना मला आपले देवद्रव्य आठवले. आपण मात्र एक पाऊल पुढे जाऊ शकतो. हा वारसा केवळ मानवजातीचा का म्हणावा? जीवांनी परस्परांवर उपकार करावा, ही तत्त्वार्थसूत्राची शिकवण सर्व जीवांस लागू आहे.

आता व्यवहाराचे बोलतो, कारण आपला समाज व्यवहारी आहे. शेतमजुरी करणारी भगिनी दोनशे-तीनशे रुपयांची कृत्रिम धाग्याची साडी घेते, कारण ती टिकते. तिला सुती वापरण्याचा उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. सुती कापडही निर्दोष नाही. कपाशीवरील औषधे आणि शेतातील जादा खत पावसाबरोबर कयाधूतच उतरते. म्हणून ज्याला परवडते त्याने आधी बदलावे. भोगोपभोग-परिमाण हे व्रत आहे ते आपल्यासाठी, तिच्यासाठी नव्हे. लग्नसराईत एकदाच नेसावयाच्या साड्यांचे ढीग आपल्या घरांत असतात, तिच्या घरात नाहीत.

दुकानात मी मांजरपाटाच्या पिशव्या शिवून घेतो. प्रत्येक नगास प्लॅस्टिकचे वेष्टन नको असे ठोक व्यापाऱ्यांना कळविले, तेव्हा बहुतेक हसले. एकाने मात्र तीन गाठी कागदात बांधून पाठविल्या. घरी कपडे पुरेसे साठल्यावरच यंत्र लावतो आणि यंत्राच्या जाळीतील पुंजका नालीत न टाकता सुक्या कचऱ्यात टाकतो. ट्रस्टला माझी विनंती तीन गोष्टींची आहे. महाप्रसादास स्टीलची ताटे-वाट्याच असाव्यात. मंदिराच्या व धर्मशाळेच्या सांडपाण्यास शोषखड्डा असावा. आणि प्रत्येक पाठशाळेत मुलांना पाणी गाळून जिवाणी परत सोडण्याचा विधी, त्यामागील अर्थासह, प्रत्यक्ष करून दाखवावा. घरोघरी शुद्धीकरणाची यंत्रे आल्याने पाणी गाळले जाते. जिवाणी परत देणे मात्र आपण विसरलो आहोत.

संवत्सरीस आपण ज्ञात-अज्ञात सर्व जीवांची क्षमा मागतो. अज्ञात जीव म्हणजे कोण, हे मला साठी उलटल्यावर थोडेसे उमगले. कयाधूच्या पाण्याबरोबर माझ्या दुकानाचा धागा ज्यांच्यापर्यंत गेला, त्या गोदावरीच्या मुखाशी असलेल्या जीवांची मी आज आपणा सर्वांच्या साक्षीने क्षमा मागतो. क्षमा मागितल्यावर तीच चूक जाणूनबुजून पुन्हा करावयाची नसते, हे आपण जाणताच.