दिसणे आणि ध्यानात येणे



साहित्यप्रेमींसमोर होमिओपॅथीच्या डॉक्टरने काय बोलावे? जे रोज करतो आणि तरी चुकतो, त्याविषयी बोलतो. पाहण्याविषयी.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या आवारात सायमन्स आणि लेव्हिन या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. नकाशा घेतलेला एक जण वाटसरूला पत्ता विचारतो. बोलणे चालू असताना दोन माणसे एक दार उचलून दोघांच्या मधून जातात. दाराआड विचारणारा बदलतो. उंची, कपडे, आवाज, सगळे निराळे! १५ वाटसरूंपैकी ७ जणांच्या ते लक्षात आले. बाकीचे ८ नव्या माणसाला पत्ता सांगत राहिले. ओळखणारे होते विचारणाऱ्याच्याच वयाचे विद्यार्थी. पुढे तेच दोघे बांधकाम मजुरांच्या वेशात उभे राहिले, तेव्हा मात्र १२ विद्यार्थ्यांपैकी ४ जणांनाच बदल कळला. 'मजूर' अशी चिठ्ठी मनात एकदा चिकटली की चेहरा कोण पाहतो?

तज्ज्ञही सुटत नाहीत. २०१३ च्या एका अभ्यासात २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला दिल्या. त्यात गोरिलाचे चित्र घातले होते, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठे. २० जणांना ते दिसले नाही, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांची नजर थेट त्यावरून गेली होती. हे वाचून मी हसलो होतो.

आमचे मुनी चार हात पुढची जमीन पाहत चालतात. जीव पायाखाली येऊ नये म्हणून शोधतात, म्हणून त्यांना मुंगी दिसते. मी काय शोधत होतो?

आण्णा, माझे थोरले बंधू. रोज संध्याकाळी मी त्यांच्या दुकानात बसतो, ते समोर जमाखर्च लिहितात. भाऊबीजेला ते पाकिटावर बहिणीचे नाव स्वतः लिहितात. तीन वर्षांपूर्वी पाकीट हातात घेताच ती म्हणाली, "आण्णा, अक्षर एवढं बारीक कधी झालं हो?" मी म्हटले, वय झालं. तिने घरी जाऊन जुन्या पाकिटांचे फोटो पाठवले. ती सगळी तिने जपून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी आण्णा दुकानातून घराकडे निघाले, तेव्हा मी मागून पाहिले. डावा हात हलत होता, उजवा अंगाला चिकटून. न्यूरॉलॉजिस्टनी कंपवात सांगितला. हात थरथरत नव्हता, आणि माझ्या मनात कंपवाताची चिठ्ठी थरथरीचीच होती. शिवाय इथे मधून कुठले दार गेले नव्हते. अक्षर रोज कणाकणाने आखडत गेले, आणि कालचे अक्षर शेजारी ठेवून मी कधी पाहिले नाही. बहीण वर्षातून एकदाच पाहत होती.

आता पेशंट दारातून खुर्चीपर्यंत येईतो मी केसपेपर उघडत नाही. आण्णांकडून दर महिन्याच्या १ तारखेला एक ओळ लिहून घेतो आणि मागच्या पानाशेजारी ठेवून पाहतो. परवा ते वैतागले. म्हणाले, "तीच ओळ किती वेळा लिहू? पुढची दे की."