गोळी सोडणाऱ्याच्या सोबतीला
(मंडळीच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळीनंतर नंदुरबारच्या पाड्यांवर कित्येक घरे बंद दिसतात. माणसे ऊसतोडीला गुजरातेत किंवा कारखान्यांच्या पट्ट्यात गेलेली असतात. दिवसभर तोडायचे, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. कंबर धरते. डॉक्टर आठ दिवसांसाठी ट्रामाडॉल लिहून देतात. आठ दिवस संपतात, पण त्याच जुन्या चिठ्ठीवर कुठेतरी गोळी मिळत राहते. हे औषध अफूच्या जातीचे आहे. २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. घेणाऱ्याला हे बहुधा कुणी सांगितलेले नसते.

काही आठवडे, महिने गेले की शरीराला त्याची सवय लागते. मग गोळी चुकली तर साधारण दिवसभरात जांभया, नाक-डोळे वाहणे, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, पायांत कळा सुरू होतात. झोप उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सर्वांत जास्त असतो आणि पुढे आठवडाभरात ओसरतो.

आता आपल्याविषयी बोलतो. प्रार्थनासभेत एखादा भाऊ साक्ष देतो आणि गोळ्यांचे पाकीट फेकून देतो. आपण हालेलूया म्हणतो. तिसऱ्या रात्री तो घरात तळमळत असतो. आपला विश्वास कमी पडला असे समजून तो पुन्हा गोळी घेतो आणि शरमेने सभेला येणे बंद करतो. बंधूंनो, त्याचा विश्वास कमी पडलेला नसतो. शरीराला उतरायला पायऱ्या लागतात, आणि त्याने तर एकदम उडी मारलेली असते. गरोदर बहिणीने असे एकदम थांबवणे बाळासाठीही धोक्याचे असते.

म्हणून पहिले पाऊल डॉक्टरांकडे. वर्षाहून जास्त काळ गोळ्या घेणाऱ्याचा डोस साधारणपणे महिन्याला दहावा भाग किंवा त्याहूनही हळू कमी करतात. रोज आठ गोळ्या घेणाऱ्याची पहिल्या महिन्यात जेमतेम एक गोळी कमी होते. त्रास वाढला तर डॉक्टर त्याच पायरीवर काही दिवस थांबवतात. दिवसभर असर राहणारी गोळी मोडू किंवा कुटू नये. जुलाब झाले तर ओआरएस द्यावे. अंगदुखी, मळमळ, झोप यांसाठी औषधे आहेत, पण ती डॉक्टरांनीच ठरवावीत, कारण काहींनी रक्तदाब उतरतो.

एक गोष्ट घरोघरी सांगा. डोस कमी झाल्यावर जुन्या डोसाइतक्या गोळ्या एकदम घेतल्या तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. वर मोहाची दारू असेल तर धोका आणखी वाढतो. माणूस उठवून उठत नसेल, श्वास संथ झाला असेल, किंवा फिट आली असेल, तर लगेच १०८ ला फोन करा. कॅन्सरच्या रुग्णाची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याला वेदनेचे औषध मिळालेच पाहिजे. त्याला कुणी टोकू नये.

मग आपले काम काय? गोळ्या घरातल्या एका भरवशाच्या माणसाकडे ठेवायला सांगा, रोजच्या रोज मोजून देईल असा. दवाखान्याच्या तारखेला सोबत जा. डोस उतरल्यानंतरच्या कठीण रात्री कुणीतरी जवळ बसा. मूळ कंबरदुखीकडेही लक्ष द्या: शेक, व्यायाम, थोडे दिवस हलके काम. ती राहिली तर गोळी परत येईल. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा मोफत क्रमांक आहे.

चांगल्या शोमरोन्याने जखम बांधली, पण तेवढ्यावर तो निघून गेला नाही. उतारशाळेत नेले, खर्च दिला आणि परत येईन असे सांगितले. आपल्या वर्गणीतून एखाद्याचे जिल्हा रुग्णालयापर्यंतचे भाडे निघते, ही मोठी सेवा आहे. पण त्याला महिनोन्‌महिने हाक मारणारा माणूसही लागतो. तो आपल्या मंडळीतून मिळावा, एवढीच माझी विनंती आहे.

देव आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.