पाहणे आणि सांगणे
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



पक्षिनिरीक्षणासारखा छंद या व्यासपीठावरून मांडण्याची संधी दिल्याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. दुर्बीण, वही आणि पहाटे उठण्याची सवय एवढीच त्याची सामग्री. त्यांतील तिसरी आपल्यापैकी बहुतेकांकडे आधीपासूनच आहे.

पाहिलेला पक्षी समानधर्मी मित्राला सांगितल्यावाचून या छंदाचा आनंद पुरा होत नाही. मात्र सांगण्यापासूनच जबाबदारीही सुरू होते. या संदर्भात खानदेशातील रानपिंगळ्याची हकिकत ऐकण्यासारखी आहे.

१८७३ मध्ये ए. ओ. ह्यूम (होय, काँग्रेसच्या स्थापनेतील तेच ह्यूम) यांनी या लहानशा घुबडाचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास बंदुकीने होत असे. आपल्या कानांना हे ऐकणे जड जाते, मलाही सांगणे जड जाते. १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा परिसरात मिळविलेला नमुना हा त्यानंतरच्या शतकभरातील शेवटचा खरा पुरावा ठरला. पुढे कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित पक्षितज्ज्ञाने, १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे आपण हा पक्षी मिळविला, असा दावा केला. त्यावर विसंबून शोधणारे रिक्त हस्ते परतले. वास्तविक तो नमुना डेव्हिडसन यांचाच, ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला आणि नवी चिठ्ठी लावलेला होता! पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडकीस आणली. ती चिठ्ठी बाजूला सारून जुन्या खऱ्या ठिकाणांचा मागोवा घेतला, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! २०१४ मध्ये तो मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही आढळला.

कर्नलसाहेबांना नावे ठेवणे सोपे आहे. कित्येक वर्षांपूर्वी सातपुड्यात भर दिवसा फांदीवर बसलेला एक पिंगळा मी पाहिला आणि मोहाने मित्रांना ‘रानपिंगळा’ म्हणून कळविले. घरी छायाचित्र नीट न्याहाळले, तर माथ्यावर पांढरे ठिपके स्पष्ट दिसत होते. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा असतो. म्हणजे हा आपला नेहमीचा पिंगळा! तीन दिवस मी गप्प राहिलो. इकडे मित्रमंडळी गाडी ठरवीत होती. चौथ्या दिवशी एकेकाला दूरध्वनी करून चूक कबूल केली. बहुतेकांनी हसून सोडून दिले. एक स्नेही मात्र वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यानंतर शंका असेल तेथे मी वहीत प्रश्नचिन्ह काढतो. माझ्या वहीत ती पुष्कळ आहेत.

एक गोष्ट मात्र खरी असूनही सांगू नये, ती म्हणजे घरट्याची जागा. छायाचित्रकारांची गर्दी झाली की पक्षी अंडी सोडून जातात. विचारणाऱ्याला खुशाल नकार द्यावा. तो रागावला तरी चालेल.

उद्या सकाळी साडेसहा वाजता मंदिरामागील तळ्यावर मी थांबणार आहे. दुर्बिणी दोनच आहेत, त्या आळीपाळीने वापरू. वही आणि पेन्सिल मात्र प्रत्येकाने आपापली आणावी.