गिरणीकामगाराचा समुद्र



प्रवासवर्णन ऐकावयास म्हणून आपण आला असाल तर आपली थोडी निराशा होईल. ज्या गावाविषयी मी बोलणार आहे ते पाहण्यासाठी येथून मुद्दाम कोणी जात नाही. आपली मंडळी लंडन पाहतात, शेक्सपिअरचे घर पाहतात आणि परत येतात. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचे ब्लॅकपूल त्यांच्या यादीत नसते. मीही तेथे गेलो तो सहल स्वस्त होती म्हणून.

गोष्ट १९८६ च्या ऑक्टोबरातली. मी मँचेस्टरला कापडनिर्मितीचे शास्त्र शिकत होतो. परदेशी विद्यार्थ्यांची एक सहल शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी परतावयाची होती. आम्ही तीसेक जण होतो. कोणी नायजेरियाचे, कोणी मलेशियाचे, दोघे लाहोरचे, एक ग्रीक आणि मी लालबागचा. ग्रीक मित्राने बसमधून उतरताच समुद्राकडे पाहिले आणि मोठ्याने हसला. त्याचे हसणे मला समजले. करडे पाणी, करडे आभाळ, आणि ओहोटी इतकी दूर गेलेली की समुद्र कोणीतरी उचलून नेला असावा. वारा असा, की बोलायला तोंड उघडले की वाळू आत. लोक मोटारी किनाऱ्याकडे तोंड करून उभ्या करीत आणि काचा लावून आत बसल्याबसल्या तळलेले मासे खात. त्या माशांविषयी, कोकणी माणूस म्हणून, मी काही न बोललेलेच बरे.

गावात सगळेच जुनाट. समुद्रात लाकडी फळ्यांचे तीन लांबलचक धक्के गेलेले. बोटी लागण्यापेक्षा माणसांनी फिरण्यासाठीच जास्त. पहिला १८६३ चा, तिसरा १८९३ चा. पॅरिसच्या आयफेल टॉवरवरून सुचलेला एक लोखंडी मनोरा, १८९४ साली उघडलेला, उंची ५१८ फूट ९ इंच. (ते शेवटचे नऊ इंच तेथला माणूस सांगावयास विसरत नाही.) किनाऱ्याने दुमजली ट्राम चालत होती. विजेची ट्राम तेथे १८८५ पासून आहे. ब्रिटनमधल्या इतर शहरांनी आपापल्या ट्रामी मोडीत काढल्या, १९६२ साली ग्लासगोचीही गेली, पण हिची चालू राहिली. आपल्या मुंबईची ट्राम १९६४ च्या मार्चअखेर बंद झाली. ती माझ्या वडिलांना आठवे. मला फक्त तिच्या गोष्टी. त्यामुळे त्या गावात ट्रामीत बसलो तेव्हा एवढी एक गोष्ट मला जुनाट वाटली नाही.

रात्री रोषणाई. मैलोन्‌मैल दिव्यांच्या माळा. १८७९ साली तेथे आठ विजेचे दिवे लावले तेव्हा ते पाहावयास लोक लोटले होते, आणि १९१२ पासून रोषणाईची प्रथा पडली. उन्हाळा संपला तरी गिऱ्हाईक आणखी काही आठवडे यावे, हा त्यातला साधा व्यापारी हिशेब.

येथे एक प्रश्न मी आपल्यापुढे ठेवतो. शनिवार-रविवार समुद्रावर जावे, ही कल्पना आली कोठून? आज ती आपल्याला श्रीमंती वाटते. पण तिची मुळे गिरणीत आहेत. इंग्लंडात १८५० च्या कायद्याने कापडगिरण्यांतील बायका व पोरे यांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबलेच पाहिजे असे ठरले. बायकापोरे निघून गेल्यावर गिरणी कशी चालणार? पुरुषही सुटले. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी खटपट केली तेव्हा कोठे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार आपोआप आला असे ज्यांना वाटते त्यांनी लोखंड्यांचे नाव एकदा तरी घ्यावे.

लँकेशायरच्या गिरणगावांत याखेरीज वर्षातून एक आठवडा गिरणी बंद राही. त्या आठवड्याला ‘वेक्स’ म्हणत. मुळात ती गावच्या चर्चची जत्रा. पुढे देव मागे राहिला आणि सुटी उरली. बॉयलर घासून घेण्यास मालकालाही ती सोयीची होती. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा. एका आठवड्यात एका गावचा भोंगा मुका, पुढच्यात दुसऱ्याचा, आणि ज्या गावचा भोंगा मुका ते गावच्या गाव आगगाडीत बसून ब्लॅकपूलला. आगगाडी तेथे १८४६ सालीच पोचली होती. त्या आठवड्याचा पगार मात्र नसे. पगारी सुटीचा कायदा झाला तो १९३८ साली. तोवर लोक वर्षभर आठवड्याला काही पेन्स भिशीत टाकीत आणि ती सारी पुंजी सात दिवसांत समुद्रावर उडवून येत.

हे सगळे मी नंतर पुस्तकांत वाचले. त्या शनिवारी मला यातले काही ठाऊक नव्हते. आमचा मुक्काम एका बोर्डिंग हाऊसात होता. मालकीणबाई साठी उलटलेल्या. भिंतीवर नियमांची पाटी: न्याहारीनंतर खोलीत थांबू नये, आंघोळीचे पैसे वेगळे, दार रात्री अकराला बंद. आम्ही त्या पाटीची मनसोक्त टिंगल केली. आणि रोषणाईच्या नादात साडेअकराला परतलो.

दार बंद. घंटी वाजवली. बाईंनी दार उघडले, आमच्याकडे पाहिले, एक शब्द बोलल्या नाहीत. मग जिन्याच्या वरच्या टोकाला नवरा उभा होता त्याच्याकडे मान वळवून त्या बोलल्या. पण आवाज नाही. नुसते ओठ, एकेक अक्षर ताणून, रुंद करून, वर भुवयांची आणि हाताची जोड. त्याने तसेच उत्तर दिले आणि तो झोपावयास गेला.

बाकीचे हसू दाबीत वर पळाले. मी तेथेच उभा राहिलो. कारण माझे वडील असेच बोलत. साचेखात्यात शेकडो माग एकदम चालू असले की शेजारच्याच्या कानात ओरडले तरी ऐकू जात नाही. कामगार ओठ वाचावयास शिकतो, आणि ती सवय घरी घेऊन येतो. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत मुले निजली की आईवडिलांचे सारे बोलणे असे बिनआवाजाचे चाले. मला वाटे, ही आमच्याच घरची तऱ्हा. लँकेशायरात तिला ‘मी-मॉइंग’ असे नावदेखील आहे.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला मी विचारले, “बाई, तुम्ही साच्यांवर होता का?”

त्या चमकल्या. मग टेबलाशी बसल्या. पाहुण्यांच्या टेबलाशी बसणे त्यांच्या पाटीत बसत नव्हते. चौदाव्या वर्षी नेल्सन गावच्या गिरणीत लागल्या होत्या. गिरणी बंद झाली तेव्हा नवराबायकोने शिल्लक घालून हे घर घेतले. लहानपणी वेक्सला त्या याच गल्लीत उतरत. आई घरून पीठ, साखर, चहा बांधून आणी. बाजारहाटही तीच करी. उतारू बाई ते रांधून देई आणि मीठमिरीच्या भांड्यांचे भाडे लावी. “वाळूत खुर्ची टाकली की शेजारी कोण? घरची शेजारीणच. गिरणीत तीच, गल्लीत तीच, समुद्रावरही तीच.”

मग त्यांनी विचारले, “तुमच्या वडिलांकडे किती साचे?”

“आधी दोन. मग चार केले.”

“आम्हाला चार होते. मग सहा केले.” आणि त्या हसल्या.

हे संभाषण एवढेच. पण त्या चार आकड्यांमागे मुंबईचा १९२८ चा संप आहे आणि लँकेशायरचा १९३१-३२ चा झगडा आहे. दोन्हीकडे एका माणसाने अधिक साचे सांभाळावे की नाही, हा वाद होता. आपण त्या काळी या दोन गावांना एकमेकांचे वैरी समजत होतो. गांधीजी सप्टेंबर १९३१ मध्ये लँकेशायरात डार्वेनला गेले तेव्हा बहिष्काराने काम गेलेल्या त्या मुलखात गिरणीतल्या बायकांनी त्यांचा जयजयकार केला. त्यांच्याभोवती गर्दी करून हसणाऱ्या त्या बायकांचे छायाचित्र आपण पाहिले असेल.

“वडील सुटीत कुठे जातात?” बाईंनी विचारले. मी सांगितले, गावाला. गाव समुद्राकाठीच आहे. “छान!” त्या म्हणाल्या. मी गप्प राहिलो. वडील शिमग्याला नाहीतर गणपतीला गावी जात, ते घर शाकारावयास, बांध घालावयास, भाऊबंदकी निस्तरावयास. ती सुटी नव्हे, दुसरी पाळी. समुद्राकडे नुसते पाहत बसलेले मी त्यांना कधी पाहिले नाही. “त्यात काय बघायचंय?” असे ते म्हणत. मुंबईच्या गिरण्यांनी ब्लॅकपूल का निर्माण केले नाही, याचे उत्तर मला यात दिसते. लँकेशायरच्या कामगाराचे खेडे दोन-तीन पिढ्यांपूर्वीच सुटले होते. रिकामा आठवडा हाती आला तर तो समुद्रावरच जाणार. आमच्या माणसाचे खेडे सुटले नव्हते. त्याची शिल्लक मनिऑर्डरीने तेथे जाई, आणि सुटीही तेथेच. कोण अधिक सुखी हे मी ठरवीत नाही. पण बाईंच्या आईला वर्षातून सात दिवस दुसऱ्या बाईने रांधून घातले. माझ्या आईला एकही दिवस नाही.

आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली. १८ जानेवारी १९८२ ला आमच्याकडे संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि वडील तेव्हापासून घरी आहेत. त्या काहीच बोलल्या नाहीत. किटलीतला चहा माझ्या कपात ओतला. तो दुसरा कप बिलात नव्हता.

पुढचे आपणास ठाऊक आहे. लँकेशायरच्या गिरण्या गेल्या, गिऱ्हाईक विमानाने स्पेनच्या उन्हात जाऊ लागले, आणि ब्लॅकपूल आज इंग्लंडातल्या अत्यंत गरीब गावांत मोजले जाते. मनोरा उभा आहे, रोषणाई अजून होते, ट्रामी २०१२ साली नव्या झाल्या. लालबाग-परळला चिमण्यांच्या जागी काय उभे राहिले ते पाहावयास परदेशी जावे लागत नाही.

येताना मी वडिलांसाठी तेथली खडीसाखरेची कांडी घेतली. वरून गुलाबी, आत पांढरी, आणि कोठेही मोडली तरी काप्यावर गावाचे नाव. कढत साखरेच्या लांब पट्ट्यांची मोठाली अक्षरे रचतात, भोवती पांढरी साखर भरतात, मांडीएवढा लोळा करतात आणि तो ओढीत ओढीत बोटाएवढा बारीक करतात. अक्षरेही त्याबरोबर बारीक होत जातात.

पुढच्या वर्षी घरी आल्यावर वडिलांनी ती अडकित्त्याने फोडली, प्रत्येक तुकडा उजेडात धरून पाहिला. मी कृती सांगू लागलो तसे म्हणाले, “म्हणजे पेळू ओढतात तसंच की.” मग मालकीणबाईंचे सांगितले, चार साचे, सहा साचे, ओठांचे बोलणे. ते ऐकत राहिले. नंतर खोलीच्या दुसऱ्या टोकाला आई भाजी निवडीत होती, तिच्याकडे वळून ओठ ताणून काहीतरी बोलले. आई इतकी हसली की तिने पदर तोंडाला लावला.

काय बोलले ते मी दोघांनाही विचारले. कोणीच सांगितले नाही.