दवाखान्याचं बिल आणि ओरांगउटानचं जंगल

मागच्या वेळी आपण शेळ्यांच्या लसीकरणावर बोललो होतो. आजचा विषय पार समुद्रापलीकडचा आहे, पण फिरून शेळ्यांवरच येणार आहोत, तेव्हा रेडिओ बंद करू नका.

बोर्निओ आणि सुमात्रा ही दोन मोठी बेटं आहेत. सुमात्रा इंडोनेशियाचं आणि बोर्निओचाही बराचसा भाग त्याच देशाचा. ओरांगउटान रानात राहतो तो जगात फक्त या दोन बेटांवर. तिकडच्या मलय भाषेत ‘ओरांग’ म्हणजे माणूस आणि ‘हुतान’ म्हणजे रान. रानमाणूसच म्हणा ना! तांबूस केसांचा, लांब हातांचा, बिनशेपटीचा. रात्री निजायला झाडावर फांद्या मोडून बिछाना करतो आणि बहुतेक रोज नवा करतो.

आमच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा बायकांना सगळ्यात नवल वाटलं ते त्याच्या आईचं. ती सात-आठ वर्षांतून एकदा बाळंत होते. तोवर आधीचं पिल्लू तिच्याजवळच असतं. कुठलं फळ कधी पिकतं, कुठली साल खायची, बिछाना कसा करायचा, हे सगळं ते आईकडून शिकतं. उभ्या आयुष्यात तिला चार-पाच पिल्लं झाली तरी खूप. शेळीचा कळप रोगानं बसला तर दोन-तीन वर्षांत पुन्हा उभा राहतो. इथे तसं नाही. एक मादी गेली की ती तूट भरून यायला पिढी जाते. ओरांगउटानच्या तीन जाती आहेत. सुमात्रातली तापानुली नावाची तिसरी जात वेगळी आहे हे 2017 साली जाहीर झालं, आणि तिचे 800 सुद्धा उरलेले नाहीत.

आता आगीचं. तिकडे खूप पाऊस पडतो, मग जंगल पेटतंच कसं, असं आम्हालाही वाटलं होतं. बोर्निओच्या सखल भागात जमीन म्हणजे माती नव्हेच. हजारो वर्षं पडलेला पालापाचोळा आणि लाकूड पाण्यात अर्धवट कुजून त्याचे काही मीटर जाड थर झाले आहेत. त्याला पीट म्हणतात. पाण्यात बुडालेलं असेपर्यंत ते पेटत नाही. पण 1995 साली तिथल्या सरकारनं ठरवलं की या दलदलीत भात पिकवायचा. सुमारे 10 लाख हेक्टरांचा प्रकल्प! पाणी काढून टाकायला 4,000 किलोमीटरहून जास्त लांबीचे कालवे खणले. भात काही पिकला नाही, पीट मात्र वाळलं. 1997 मध्ये पाऊस लांबला आणि आग लागली. उकिरडा पेटला की कसा वरून विझलेला दिसतो आणि आतून धुमसत राहतो, तशीच ही आग. बादलीभर पाण्यानं ती विझत नाही. 2015 साली इंडोनेशियात सुमारे 26 लाख हेक्टर जमीन जळाली. धूर सिंगापूर आणि मलेशियापर्यंत गेला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

यात चोरट्या तोडीचाही हात आहे. सबांगाऊच्या जंगलात लाकूडचोरांनी ओंडके तरंगत बाहेर काढायला स्वतःचे छोटे कालवे खणले होते. झाडं गेली, आणि पाणीही त्याच वाटेनं गेलं. आता तिथे माणसं कालव्यांना बांध घालत आहेत. पाणी अडवलं की पीट ओलं राहतं. बांधबंदिस्तीची गोष्ट आपल्याला वेगळी समजावून सांगायला नकोच.

पामतेलाचं थोडक्यात बोलू, कारण तो धागा थेट आपल्या कढईपर्यंत येतो. जंगल काढून पामच्या बागा लावल्या गेल्या, आणि जगात सर्वांत जास्त पामतेल विकत घेणारा देश आपला आहे. 2022 च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ आला, त्यातली तेलाची पिशवी पामतेलाचीच होती. आपल्या कितीतरी गटांचं फरसाण त्यातच तळलं जातं. हे तेल सोडा, असं आम्ही सांगणार नाही. चकलीच्या पाकिटामागे काय सुटतं ते आम्हाला ठाऊक आहे. शिवाय एका एकरात पामचं झाड जेवढं तेल देतं, तेवढं भुईमूग किंवा सोयाबीन देत नाही. खरा प्रश्न ती बाग कुठे लावली, हा आहे. पण डब्यावर ते कुठे लिहिलेलं असतं?

ज्यासाठी आज बोलायला बसलो, ती गोष्ट पश्चिम कालिमंतानची. बोर्निओच्या इंडोनेशियाकडच्या भागाला कालिमंतान म्हणतात. 1985 ते 2001 या काळात तिथल्या संरक्षित सखल जंगलातलं निम्म्याहून जास्त जंगल गेलं. संरक्षित बरं का, म्हणजे कायद्याचा फलक लावलेलं! गुनुंग पालुंग नावाच्या राष्ट्रीय उद्यानात दोन हजारांहून जास्त ओरांगउटान आहेत आणि भोवतालच्या गावांतले पुरुष तिथेच यंत्राची करवत घेऊन जात. पकडा, दंड करा, हे सगळं करून झालं होतं. मग किनारी वेब नावाच्या डॉक्टर बाईंनी स्थानिक सहकाऱ्यांसोबत 2007 मध्ये ‘आलम सेहत लेस्तारी’ ही संस्था काढली. गावोगावी बसून लोकांना एकच विचारलं, तोड थांबवायला तुम्हाला काय लागेल? उत्तर आलं, परवडणारा दवाखाना, आणि रानाला आग न लावता, विकतचं खत न घालता शेती करायचं शिक्षण.

मैत्रिणींनो, आपल्या गटाचं कर्ज रजिस्टर उघडा. ‘कारण’ या रकान्यात काय असतं? बी-बियाणं, शाळेची फी, आणि पानामागून पान ‘दवाखाना’. सिझेरियनसाठी शेळी विकलेली, सासऱ्यांच्या ऑपरेशनला मंगळसूत्र गहाण ठेवलेलं आपण पाहतो. तिकडच्या बाईच्या दारामागे गहाण ठेवायला जंगल होतं. पोर आजारी पडलं की नवरा झाड पाडायला जायचा. त्याला चोर म्हणणं सोपं आहे.

त्या संस्थेनं दवाखाना काढला. ज्या गावातली तोड कमी, त्या गावाला बिलात जास्त सूट. पैसे नसतील तर बिल रोपांनी भरा, शेणखतानं भरा, विणलेल्या चटईनं भरा. रोपं पुन्हा जंगलातच लावली जातात. करवत सोडायला तयार असेल त्याची करवत विकत घ्यायची आणि धंद्याला भांडवल द्यायचं. दहा वर्षांनी अभ्यास झाला तेव्हा इतर राष्ट्रीय उद्यानांच्या मानानं इथली जंगलतोड सुमारे 70 टक्क्यांनी कमी भरली. दवाखान्यानं कंपन्यांच्या बागा थांबत नाहीत की मोठे कालवे बुजत नाहीत, ते काम सरकारचंच. पण घरची नड भागवायला पडणारं झाड वाचलं.

आणि आता शेळ्या. तिथल्या विधवा बायकांना ही संस्था शेळ्या देते. हे ऐकून आमच्या एका गटाच्या सचिव ताईंनी लगेच विचारलं, ‘व्याज किती?’ रोख व्याज नाही. फेड करायची ती करडानं आणि लेंडीखतानं. करडू पुढच्या बाईला जातं आणि खत पिकांना. त्या ताईंनी हिशोब मांडला, दोन वेतांत कर्ज फिटतं म्हणाल्या. पुढच्या बैठकीत आपल्या गटातल्या एकल महिलांची यादी घेऊन या, आपणही हा हिशोब करून बघू.